साहेब, माल विकला; पैसे आले का?

पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने निघाले, की खेड-शिवापूरचा हजरत कमरअली दर्वेशांचा दर्गा मागे पडतो आणि पुढे भोर तालुक्याच्या हद्दीत शिवरे हे गाव लागते. गेल्या महिन्यात या गावात एका उस्तादांच्या वर्कशॉपमध्ये दोन तास बसण्याचा योग आला. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड, एक प्रेस, पत्रा कापायचे एक मशीन, दोन वेल्डिंगचे संच आणि सात माणसे. तेथे पत्र्याच्या पेट्या बनतात. विजेची आणि संगणकाची यंत्रे ज्या पेट्यांत बसवली जातात, त्या. पेट्या जातात शेअर बाजारात नोंदलेल्या एका मोठ्या कंपनीकडे. तिचे नाव येथे देण्याचे कारण नाही, कारण जी गोष्ट सांगायची आहे ती एका कंपनीची नाही.

उस्ताद मोबाईल कानाशी धरून बसले होते. आम्हाला वाटले, एखादे बयान ऐकत असतील. ते म्हणाले, "बसा भाई, तुम्हीही ऐका. आमच्या कंपनीचे मोठे साहेब बोलतायत." त्यांचा भाचा बी.कॉम. झालेला आहे. कंपनीच्या तिमाही निकालानंतर साहेब लोकांची आणि शेअर बाजारातल्या मंडळींची जी टेलिफोनवर बैठक होते, तिचे ध्वनिमुद्रण त्याने उतरवून घेतले होते आणि तो मामांना इंग्रजीचे मराठी करून सांगत होता.

एका विश्लेषकाने विचारले, की या तिमाहीत कंपनीच्या हातात रोकड जास्त दिसते, ती कशामुळे? कंपनीच्या वित्त विभागाच्या प्रमुखांनी उत्तर दिले, की खेळत्या भांडवलात आम्ही चांगली सुधारणा केली आहे. पुरवठादारांना पैसे देण्याची मुदत वाढली आहे. विश्लेषकाने अभिनंदन केले आणि पुढचा प्रश्न सुरू झाला.

उस्तादांनी मोबाईल बंद केला. म्हणाले, "भाई, हे लोक ज्याला सुधारणा म्हणतात ना, ती माझी बिले आहेत. चार बिले. सर्वांत जुने पाच महिन्यांचे."

आता त्याच कंपनीने दुप्पट पेट्यांची ऑर्डर देऊ केली आहे. भाचा म्हणतो घ्या, मामा म्हणतात विचार करू. घ्यावी की न घ्यावी, हे त्यांनी आम्हाला विचारले. त्या दिवशी आम्हाला धड उत्तर देता आले नाही. हा लेख त्या उत्तरासाठी आहे.

ही बैठक असते तरी काय?

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला दर तीन महिन्यांनी हिशेब जाहीर करावा लागतो. हिशेब जाहीर झाला, की बहुतेक मोठ्या कंपन्या त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दलाल पेढ्यांच्या आणि म्युच्युअल फंडांच्या विश्लेषकांना टेलिफोनवर एकत्र घेतात. आधी साहेब आपले म्हणणे मांडतात, मग प्रश्न सुरू होतात. पूर्वी यात काय बोलले गेले हे बाहेरच्याला कळत नसे. अमेरिकेत २००० साली नियम झाला, की निवडक लोकांना आतली बातमी द्यायची आणि बाकीच्यांना अंधारात ठेवायचे, हे चालणार नाही. आपल्याकडे सेबीने २०२१ मध्ये नियमात बदल केला आणि १ एप्रिल २०२२ पासून तो सक्तीचा झाला. अशा बैठकीचे ध्वनिमुद्रण पुढचा बाजार उघडण्यापूर्वी किंवा चोवीस तासांत, यांपैकी जे आधी येईल तोवर कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवावे लागते. आणि बोलण्याची लेखी प्रत पाच कामकाजाच्या दिवसांत.

म्हणजेच जे ऐकायला एके काळी दलाल स्ट्रीटवर ओळख लागत असे, ते आज शिवऱ्याच्या वर्कशॉपमध्ये फुकट ऐकता येते. आपल्यातले किती लोक ऐकतात, हा भाग वेगळा.

प्रश्न नेहमी तेच असतात

विश्लेषक काही जादूगार नसतो. आपल्या बाजारपेठेतला जुना मुनीम जे विचारत असे, तेच तो विचारतो. माल विकला, पण पैसे आले का? गोदामात किती पडून आहे? ज्याला विकला त्याने तो पुढे विकला की नाही? देणी किती दिवसांची झाली? नफा कागदावर आहे की गल्ल्यात?

यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांना हे प्रश्न जास्त झोंबतात, कारण संगणकाचा, फोनचा किंवा त्यांच्या सुट्या भागांचा माल भाजीसारखा असतो. आज ताजा, उद्या शिळा. भांड्याच्या दुकानात पितळेची परात दहा वर्षे पडून राहिली तरी पितळेची किंमत राहते. जुन्या पिढीचा इलेक्ट्रॉनिक भाग नवा आला, की भंगाराच्या भावात जातो.

२००१ चे उदाहरण घ्या. इंटरनेटची जोडणी करणारी यंत्रे बनवणारी सिस्को ही अमेरिकन कंपनी त्या वेळी जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांत गणली जात होती. मागणी अशीच वाढत राहणार, या भरवशावर तिने पुरवठादारांना आगाऊ ऑर्डरी देऊन ठेवल्या. मागणी कोसळली. त्या वर्षी सिस्कोला सुमारे सव्वादोन अब्ज डॉलरचा माल हिशेबातून काढून टाकावा लागला. ज्यांना कोणाला आधीच्या तिमाहीत "गोदामात इतका माल कशाला?" हा साधा प्रश्न पडला असेल, त्यांचे पैसे वाचले असतील.

दुसरे उदाहरण ॲपलचे. १ नोव्हेंबर २०१८ च्या बैठकीत कंपनीने सांगितले, की यापुढे आम्ही किती आयफोन विकले हा आकडा देणार नाही. विश्लेषकांनी हरकत घेतली, तेव्हा प्रमुख टिम कुक यांनी बाजारहाटाचा दाखला दिला, की गिऱ्हाइकाच्या गाडीत किती नग आहेत याने काय फरक पडतो, शेवटी एकूण रक्कम महत्त्वाची. उत्तर चतुर होते. पण दोनच महिन्यांनी, २ जानेवारी २०१९ रोजी, कंपनीने त्या तिमाहीच्या विक्रीचा अंदाज ८९ ते ९३ अब्ज डॉलरवरून ८४ अब्जांवर आणला आणि दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे दहा टक्क्यांनी पडला. वाचकहो, आपल्या व्यवहारातही हे ध्यानात ठेवावे. रोज दाखवला जाणारा आकडा एखादा माणूस अचानक दाखवणे बंद करतो, तेव्हा तो आकडा वाढत असण्याची शक्यता कमीच असते.

प्रश्नाचा राग का येतो?

आमचा अनुभव असा आहे, की हिशेब सरळ असलेल्या माणसाला प्रश्नाचा कंटाळा येतो, राग सहसा येत नाही. राग आला, की समजावे, बोट दुखऱ्या जागी पडले आहे.

महाराष्ट्राला हे एन्रॉनने शिकवले. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पामुळे हे नाव आपल्याकडे घरोघरी गेले होते. १७ एप्रिल २००१ रोजी एन्रॉनच्या तिमाही बैठकीत रिचर्ड ग्रबमन नावाच्या गुंतवणूकदाराने विचारले, की निकालाबरोबर ताळेबंद आणि रोकडीचा तक्ता का देत नाही? वास्तविक हा प्रश्न आपल्या कोणत्याही पेढीवरच्या नव्या पोऱ्यानेही विचारावा असा. कंपनीचे प्रमुख जेफ्री स्किलिंग यांनी आभार मानले आणि सर्वांच्या देखत त्याला शिवी दिली. पुढच्याच महिन्यात राज्य वीज मंडळाने दाभोळची वीज घेणे थांबवले. ऑगस्टमध्ये स्किलिंग यांनी पद सोडले. २ डिसेंबर २००१ रोजी एन्रॉनने दिवाळे जाहीर केले आणि २००६ मध्ये न्यायालयाने स्किलिंग यांना दोषी ठरवले. जो ताळेबंद मागितला होता, त्यातच सगळे होते.

मात्र प्रत्येक रागामागे लबाडीच असते असेही नाही. २ मे २०१८ रोजी टेस्लाच्या बैठकीत टोनी सॅकोनाघी या विश्लेषकाने कंपनीला पुढे किती भांडवल लागेल, असे विचारले. हे गृहस्थ ॲपल, आयबीएम अशा यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांचे जुने अभ्यासक. कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी प्रश्न कंटाळवाणा आणि मूर्खपणाचा ठरवून उडवून लावला. दुसऱ्या दिवशी शेअर पाच टक्क्यांहून अधिक घसरला. टेस्ला काही बुडाली नाही. पण ऑगस्टच्या बैठकीत मस्क यांना त्याच सॅकोनाघींची माफी मागावी लागली. श्रीमंतातल्या श्रीमंतालाही हिशेब विचारणाऱ्यापुढे नमावे लागते, एवढे तरी यातून दिसले.

अमळनेरची सभा

या सगळ्यात आपल्या घरची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. १९४५ साली महंमद हशम प्रेमजी यांनी खानदेशात अमळनेर येथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे त्याचे नाव. पुढे त्याचेच विप्रो झाले. ऑगस्ट १९६६ मध्ये हशम प्रेमजी वारले. मुलगा अझीम अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत होता. वय २१. शिक्षण अर्धे टाकून तो परत आला आणि कंपनीच्या खुर्चीवर बसला.

त्यानंतरच्या त्यांच्या पहिल्याच सर्वसाधारण सभेत एक भागधारक उभा राहिला आणि त्याने भर सभेत सांगितले, की हा धंदा तुमच्याने चालणार नाही. आपला हिस्सा एखाद्या जाणत्या माणसाला विकून टाका. वडील जाऊन फार दिवस झालेले नाहीत आणि समोर बापाच्या वयाचा माणूस असे बोलतो. आपल्यापैकी कितीजणांनी त्याला हाकलून दिले असते? प्रेमजींनी पुढे सांगितले आहे, की त्या बोलण्याने जिद्द वाढली. त्यांनी उत्तर तोंडाने दिले नाही, कामाने दिले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आयबीएम भारतातून निघून गेल्यावर याच तेलातुपाच्या कंपनीने संगणक बनवण्यात उडी घेतली. २०१३ मध्ये तिने संगणक बनवणे थांबवले, पण तोवर सॉफ्टवेअरच्या धंद्यात तिचे नाव जगभर झाले होते. ऑक्टोबर २००० मध्ये तिची नोंद न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात झाली. आज तिचे अधिकारी दर तिमाहीला देशोदेशींच्या विश्लेषकांपुढे बसतात आणि पुढच्या तिमाहीत धंदा किती टक्के वाढेल किंवा घटेल, याचा अंदाजही देतात. अंदाज चुकला, तर पुढच्या वेळी तेच विश्लेषक विचारायला हजर असतात.

त्या भागधारकाचे भाकीत साफ चुकले, हे खरे. तरी आमच्या मते त्याचा उभे राहण्याचा हक्क खरा होता. त्याचे पैसे त्या कारखान्यात होते. ज्याचे पैसे अडकले आहेत त्याने विचारायचे, आणि ज्याच्याकडे आहेत त्याने ऐकून घ्यायचे. धंद्याची अदब हीच.

मग उस्तादांच्या वतीने कोण विचारणार?

आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. विश्लेषकाचे प्रश्न चांगले, पण ते कोणासाठी असतात? भागधारकासाठी. उस्तादांसाठी नव्हेत. उस्तादांचे पैसेही कंपनीत अडकलेले आहेतच. फरक एवढाच, की त्यांच्या हातात शेअरचा कागद नाही, बिलाचा कागद आहे.

साधे गणित करू. समजा, एक कंपनी दर दिवशी एक कोटीचा माल पुरवठादारांकडून घेते आणि ४५ दिवसांनी पैसे देते. आता तिने मुदत ७५ दिवसांची केली. माल तोच, भाव तोच, विक्री तीच. पण ३० दिवसांचे ३० कोटी रुपये तिच्याकडे जास्त राहिले. निकालाच्या तक्त्यात हे "कामकाजातून आलेली रोकड" म्हणून दिसते. बैठकीत अभिनंदन होते, शेअर दोन रुपये वर जातो. पण हे ३० कोटी आले कोठून? शेकडो वर्कशॉपमधून. त्यांतल्या कोणी बायकोचा दागिना ठेवला, कोणी कारागिराचा पगार दहा तारखेऐवजी पंचवीसला दिला, कोणी पत्र्याच्या व्यापाऱ्याकडे उधारी वाढवली. पैसे कोठून आले हे त्या दिवशी एकाही विश्लेषकाने विचारले नाही. विचारता येत नव्हते असे नाही. त्याच्या मालकाला त्यात रस नव्हता.

विश्लेषकाबद्दल भाबडेपणा नको, हे अमेरिकेने २००३ मध्येच दाखवून दिले. तेव्हा तिथल्या दहा मोठ्या पेढ्यांना सुमारे १४० कोटी डॉलरची तडजोड करावी लागली, कारण ज्या कंपन्यांकडून पेढीला दुसरे काम मिळत होते, त्यांचीच भलामण त्यांचे विश्लेषक करत होते. आपल्याकडे सेबीने २०१४ मध्ये संशोधन विश्लेषकांसाठी स्वतंत्र नियम केले, ते अशाच हितसंबंधांना आळा घालण्यासाठी. तेव्हा त्याचे प्रश्न शिकून घ्यावेत. आपले प्रश्न त्याच्यावर सोपवू नयेत.

कंपन्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कित्येकदा त्यांचे स्वतःचे पैसे सरकारी खात्याकडे किंवा परदेशी गिऱ्हाइकाकडे अडकलेले असतात. ही अडचण आम्ही मान्य करतो. पण अडचणीतल्या मोठ्या कंपनीला बँक दार उघडते. शिवऱ्याच्या शेडला तीच बँक तारण मागते. अडचण खाली ढकलत ढकलत शेवटी ती ज्याच्या पाठीवर पडते, त्याची पाठ सर्वांत लहान असते.

कायदा काय म्हणतो

आपल्या कारागीर बंधूंना हे ठाऊक असावे, म्हणून थोडक्यात सांगतो.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि लेखी करार असला तरी ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. करार नसेल, तर मुदत १५ दिवसांचीच. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार केली नाही, तर माल पसंत पडला असे धरले जाते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. आपल्यापैकी अनेकजण व्याज घेणार नाहीत; तो ज्याच्या त्याच्या इमानाचा प्रश्न आहे. पण व्याज नको म्हणणाऱ्याने मुद्दलाचा हक्कही सोडावा, असे कोठेही सांगितलेले नाही.

१ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म धरला जातो. पंचवीस कोटी आणि शंभर कोटींपर्यंतचा लघु. म्हणजे आपल्या वाचकांतील बहुतेक वर्कशॉप यात बसतात. मात्र उद्यम नोंदणी हवी, आणि ती ऑर्डर घेण्याआधी करावी. भांडण लागल्यावर केलेली नोंदणी आधीच्या बिलांच्या कामी येईल या भरवशावर राहू नये. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांनाही २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, परंतु ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती आहे. थकलेल्या बिलाच्या या तरतुदी त्यांना लागू नाहीत. या बाबतीत अनेकांचा गैरसमज आहे.

तक्रारीसाठी ऑक्टोबर २०१७ पासून केंद्र सरकारची समाधान ही व्यवस्था आहे. तेथे दिलेला अर्ज राज्याच्या सुलभीकरण परिषदेपुढे जातो. परिषदेच्या निवाड्याविरुद्ध खरेदीदाराला न्यायालयात जायचे, तर निवाड्यातील रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. त्याशिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरात बदल केला. २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल मुदतीत दिले नाही, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही. हा चिमटा बरा बसला. काही खरेदीदार आता मोठ्या पुरवठादारांकडे वळू लागले आहेत, अशा तक्रारीही तेव्हा व्यापारी संघटनांनी केल्या होत्या. औषध लागू पडते तेव्हा थोडे झोंबतेच.

आणखी एक गोष्ट. ज्या कंपनीकडे सूक्ष्म व लघु उद्योगांची ४५ दिवसांपेक्षा जुनी बिले थकली आहेत, तिला २०१९ पासून दर सहा महिन्यांनी त्याचे विवरण सरकारला द्यावे लागते. तिच्या वार्षिक ताळेबंदातही अशा उद्योगांचे देणे वेगळे दाखवावे लागते. हा ताळेबंद कोणालाही वाचता येतो. म्हणून आमचे सांगणे असे, की मोठी ऑर्डर घेण्यापूर्वी शाळा-कॉलेजात शिकणाऱ्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला बसवून त्या कंपनीचा ताळेबंद आणि शेवटच्या दोन बैठकींची लेखी प्रत वाचून घ्यावी. देणे वाढते आहे का? गोदाम भरते आहे का? प्रश्नाला आकड्याने उत्तर मिळते की भाषणाने? सोयरीक जुळवण्याआधी आपण चार ठिकाणी चौकशी करतो. पाच महिने पैसे अडकवायचे तर एक संध्याकाळ द्यायला काय हरकत आहे?

उस्तादांना आमचे उत्तर

परत गेलो, तेव्हा आम्ही उस्तादांना सांगितले, की ऑर्डर नाकारू नका आणि आहे तशी घेऊही नका. जुनी चार बिले आधी मागा. नवी ऑर्डर निम्मी घ्या. ४५ दिवसांची मुदत आणि उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. माल पोचल्याची तारीख सहीसह घ्या. तोंडी निरोपावर गाडी भरू नका. देवाणघेवाण लिहून ठेवावी, ही शिकवण आपल्या घरांत नवी नाही. आणि एकाच कंपनीवर सात माणसांचे पोट ठेवू नका. कंपनी नाराज होईल ही भीती खोटी नाही. पण जी कंपनी पैसे मागितल्यामुळे तुटते, ती पैसे न मागता किती दिवस टिकणार होती, याचाही विचार करा.

उस्ताद ऐकत होते. मग त्यांचा भाचा हळूच म्हणाला, "मामू, आपणही पावडर कोटिंगवाल्या चाचांचे तीन महिन्यांपासून द्यायचे आहेत ना?" उस्ताद काही वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी खिशातून डायरी काढून काहीतरी लिहिले आणि आमच्याकडे वळून विचारले, "आणि भाई, तुमचे साप्ताहिक ज्या छापखान्यात निघते, त्याचे बिल?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे तयार नव्हते. दोन अंकांचे बिल बाकी होते. जाहिरातदारांचे पैसे यायचे आहेत, असे सांगायला आम्ही तोंड उघडले आणि मिटून घेतले. कारण वर एवढे पान आम्ही ज्यांच्यावर खर्च केले, त्यांचेही म्हणणे नेमके तेच असते.

छापखान्याचे पैसे हा अंक छापायला जाण्यापूर्वी दिले आहेत. उस्तादांच्या चारपैकी दोन बिलांचे पैसे आल्याचा निरोप कालच मिळाला. पावडर कोटिंगवाल्या चाचांनाही त्यातून मिळाले. उरलेल्या दोन बिलांसाठी लेखी पत्र गेले आहे. नवी ऑर्डर निम्मीच घेतली आहे.

व्यापारी बंधूंनो, दर तीन महिन्यांनी मोठ्या कंपन्यांचे साहेब प्रश्नांना तोंड देतात. आपणही दर तीन महिन्यांनी एक दिवस ठरवावा. भाऊ, मुलगा, भागीदार, घरात हिशेब कळणारी जी कोणी असेल ती बहीण वा बेगम, यांना समोर बसवावे आणि चारच प्रश्न विचारू द्यावेत. किती विकले? त्यातले किती पैसे आले? किती माल पडून आहे? कोणाचे देणे थकवले आहे? उत्तर देताना राग आला, तर त्या आकड्याकडे पुन्हा एकदा पाहावे.